हळद्या आणि काळ्या डोक्याचा हळद्या: नाशिकात दोघं वेगळे ओळखायचे कसे, आणि त्यांच्या नावापुढचं 'लीस्ट कन्सर्न' वाचायचं कसं

मे महिन्यात अंजनेरीच्या पायथ्याशी एका उंबराखाली आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो, वरती फळं लगडलेली आणि पानांत सारखी हालचाल, आणि माझी अकरा वर्षांची भाची एकदम म्हणाली, "मावशी ते बघ पिवळे, जोडी आहे, एक नर आणि एक मादी." दोन पक्षी होते खरे. एकाचं डोकं गळ्यापर्यंत काळंभोर, दुसऱ्याचं डोकं पिवळं आणि डोळ्यात काजळाची रेघ ओढलेली. पण ती जोडी नव्हती. त्या दोन वेगळ्या जाती होत्या, शेजारी शेजारी बसून एकाच झाडाची उंबरं खात होत्या.

ही चूक नुसती लहान मुलांची नाही, दहा दहा वर्षं पक्षी बघणाऱ्या लोकांकडूनही मी "काळ्या डोक्याचा तो नर, पिवळ्या डोक्याची ती मादी" असं ऐकलंय. दिसायला पटतंच ना ते, मोर-लांडोर बघून आपल्याला सवय असते की एकाच जातीत दोन रूपं असणार. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, ओळखायचं कसं, कुठे शोधायचे, नोंद कशी करायची, आणि हे दोघं 'धोक्यात' आहेत की नाहीत ते कसं तपासायचं. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण तिथे जायच्या आधी ओळख पक्की पाहिजे. ओळख चुकली तर पुढची सगळी मोजणीच चुकते.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपण ज्याला नुसतं हळद्या म्हणतो तो इंडियन गोल्डन ओरिओल, हिंदीत पीलक. शास्त्रीय नाव ओरिओलस कुंडू. दुसरा काळ्या डोक्याचा हळद्या म्हणजे ब्लॅक-हूडेड ओरिओल, ओरिओलस झँथॉर्नस. पहिल्याचं बारसं तर आपल्याच मुलखात झालंय, कर्नल साइक्स म्हणून कंपनी सरकारच्या काळातला अधिकारी दख्खनभर फिरून पक्षी गोळा करायचा, त्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं वर्णन छापलं. पुढे कितीतरी वर्षं आपला हळद्या हा युरोपातल्या गोल्डन ओरिओलचीच एक उपजात धरला जायचा, २००५ नंतर हळूहळू तो स्वतंत्र जात म्हणून मान्य झाला. त्यामुळे जुनं पुस्तक हातात असेल तर त्यात नुसतं गोल्डन ओरिओल लिहिलेलं सापडेल, गोंधळू नका.

आणि गूगलवर नुसतं ओरिओल टाकू नका. टाकलं की बाल्टिमोर ओरिओल, ऑर्चर्ड ओरिओल असली अमेरिकेतली पानं आधी येतात. ते पक्षी दिसायला पिवळे-नारिंगी-काळे असले तरी त्यांचं कुळच वेगळं आहे, इक्टेरिडी, आपले ओरिओलिडी. रंगसाम्यामुळे युरोपियन लोकांनी तिकडे गेल्यावर तेच नाव चिकटवलं एवढंच. तिकडच्या पक्ष्यांची घट-वाढ वाचून आपल्या हळद्याबद्दल मत बनवायचं नाही.

आता ओळख. माझा साधा नियम आहे, पंख बघत बसू नका, डोकं बघा. पंखांवर दोघांच्याही काळं-पिवळं असतं आणि पानांच्या आडून बघताना तिथे डोळा फसतो. डोकं मात्र फसवत नाही.

डोकं, गळा आणि छातीचा वरचा भाग असं सगळं एकसलग काळं, जणू काळी टोपी हनुवटीपर्यंत ओढलीये, असं असेल तर तो काळ्या डोक्याचा हळद्या. नर-मादी दोघंही असेच दिसतात, मादीची पाठ किंचित हिरवट असते पण लांबून तो फरक कळत नाही. म्हणजे काळं डोकं दिसलं म्हणून "नर" लिहायचं नाही, हे एवढं जरी लक्षात राहिलं तरी खूप झालं.

डोकं पिवळंधमक, चोचीपासून निघून डोळ्यातून जाणारी आणि डोळ्याच्या थोडी मागे जाऊन थांबणारी काळी रेघ, असं असेल तर तो आपला हळद्या, पूर्ण वाढलेला नर. ही डोळ्यामागे जाणारी रेघ महत्त्वाची आहे कारण युरोपातल्या भावाची रेघ डोळ्यापाशीच संपते. चोच दोघांचीही गुलाबी-लालसर आणि डोळे लाल, आकारही जवळपास सारखाच, साळुंकीएवढा किंवा किंचित मोठा, चोवीस-पंचवीस सेंटीमीटर. म्हणजे आकारावरून ओळखायचा प्रयत्न सोडूनच द्या.

खरी अडचण पुढे आहे, मादी आणि पिल्लं. हळद्याची मादी नरासारखी झगझगीत नसते, वरून हिरवट-पिवळी, पंख शेवाळी-तपकिरी, आणि पोटाकडे मळकट पांढऱ्यावर बारीक तपकिरी रेघोट्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती हळद्या वाटतच नाही. आणि काळ्या डोक्याच्या हळद्याचं लहान पिल्लू म्हणजे तर अजून कठीण प्रकरण, त्याचं डोकं अजून पूर्ण काळं झालेलं नसतं, कपाळावर पिवळं, गळ्यावर पांढुरक्या रेघोट्या, चोच काळी. एकदा गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला असं पिल्लू बघून मी वहीत सरळ "हळद्या, मादी" लिहून मोकळी झाले होते, घरी येऊन फोटो मोठा केला तेव्हा दिसलं की डोक्याची टाळू काळपट आहे, डोळ्याभोवती पिवळसर कडं आहे. तेव्हापासून गळ्यावर रेघोट्या दिसल्या की मी घाई करत नाही. पहिलं, टाळू आणि गाल बघायचे. काळपट असतील तर काळ्या डोक्याच्याचं पिल्लू, हिरवट-पिवळट असतील आणि डोळ्यापाशी रेघेचा अंधुक मागमूस असेल तर हळद्याची मादी किंवा पिल्लू. शंका राहिलीच तर थांबायचं, पिल्लू असेल तर आई-बाप चारा घेऊन येतातच, दहा-पंधरा मिनिटांत उत्तर समोर येऊन बसतं.

हिवाळ्यात एक तिसराही डोक्यात ठेवा, ब्लॅक-नेप्ड ओरिओल. त्याच्या डोळ्यातली काळी पट्टी मागे जाऊन दुसऱ्या बाजूच्या पट्टीला मानेवर जोडली जाते, म्हणजे डोक्याला काळा फेटा बांधल्यासारखा, पुढून उघडा आणि मागे जुळलेला. हा आपल्याकडे पाहुणा आहे. असा दिसला तर मागून फोटो मिळवायचा प्रयत्न करा, नुसत्या बाजूच्या फोटोवरून खात्री करणं अवघड जातं. सुभग आणि सुगरण हे पण पिवळे म्हणून नवीन लोक चुकतात पण ते चिमणीएवढे, फार वेळ घालवायची गरज नाही.

आवाज शिकलात तर निम्मं काम झालं, कारण हे पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात. एवढा पिवळाजर्द पक्षी पण दाट आंब्यात शिरला की गायब होतो, पिकल्या पानांतला आणि उन्हाच्या कवडशातला एक तुकडा होऊन जातो. हळद्याची शीळ पाण्यासारखी ओघळती, तीन-चार तुकड्यांची, बासरीवाल्याने सुरावट सुरू करून अर्ध्यात सोडावी तशी. आणि त्याच गळ्यातून मधूनच कर्कश "क्याऽर्र" असा नाकातला आवाज, मांजर चिडल्यासारखा. काळ्या डोक्याचा तोही बासरीच वाजवतो पण त्याची तान आखूड असते, "तू-हीऽ" किंवा "ट्यूऽयो" असा एकेक स्पष्ट सूर. मोबाईलवरचं मर्लिन ॲप आवाज ओळखून नाव सुचवतं, शिकायला छान आहे, पण नुसतं ॲपने नाव दाखवलं म्हणून नोंदीत टाकायचं नाही, कोतवाल (ड्राँगो) पक्ष्याची मंडळी दुसऱ्यांच्या नकला फार हुशारीने करतात. ॲपने नाव दाखवलं की मान वर करून पक्षी शोधायचा. आणि कृपा करून रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बोलवू नका, विशेषतः एप्रिल ते ऑगस्ट, तो घरट्याचा हंगाम असतो आणि पक्ष्याला वाटतं हद्दीत दुसरा कोणी घुसलाय, मग तो घरटं सोडून भांडायला धावत येतो.

नाशिकात कुठे जायचं. आपला जिल्हा याबाबतीत नशीबवान आहे, पश्चिमेला इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पूर्वेला येवला-सिन्नरकडे पाचशे-सहाशे, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आत जंगलाचा सगळा नूर बदलतो. काळ्या डोक्याच्याला दाट, ओलसर झाडी जास्त आवडते, म्हणून त्याला त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या बाजूला शोधा. हळद्याला मोकळी झाडी चालते, आमराया, देवळाजवळचे वड-पिंपळ, नदीकाठची जुनी झाडं, शेताच्या बांधावरचा एकटा आंबा सुद्धा. सोमेश्वर, तपोवन, पांडवलेणीच्या खालचं नेहरू वनोद्यान, चामरलेणीच्या आसपास, निफाडला नांदूर मधमेश्वरला गेलात तर पाण्यावरचे पक्षी बघून झाल्यावर काठावरची झाडंही जरा बघा. नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, सगळे तिथे रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकं बघायला जातात आणि डोक्यावरच्या झाडातला हळद्या तसाच राहतो. दोन्ही जाती एकत्र बघायच्या असतील तर मधला पट्टा धरा, गंगापूर धरण ते अंजनेरी, बोरगडचा पायथा.

वेळ सकाळी सहा ते नऊ. झाडांच्या मागे पळू नका, फळलेलं झाड शोधा आणि त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर गप्प बसून राहा, उंबर, वड, पिंपळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलली की दोन्ही हळदे मध प्यायला येतात आणि तेव्हा झाडावर पानं कमी असल्यामुळे फोटो सगळ्यात चांगले मिळतात. बाकी वेळ ते किडे, सुरवंट खातात, केसाळ सुरवंटसुद्धा. फळं खाऊन बिया लांब नेऊन टाकतात, म्हणजे उंबर-वड पसरवणारी ही मंडळी आहेत (घाणेरी पण पसरवतात, ते आपल्या जंगलाला नकोय पण पक्ष्याला ते काय माहीत). कधी छोट्या डबक्यावर हळद्या वरून झेप घेऊन पाण्यात पडतो, परत उडतो, परत पडतो असं दिसलं तर तो जखमी नाहीये, आंघोळ करतोय.

घरटं दिसलं तर लांबूनच बघा. फांदीच्या बेचक्यात झोळीसारखं लटकवलेलं, गवत-सालीचे धागे आणि कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, खोल वाटीसारखं. बऱ्याचदा त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर कोतवालाचं घरटं असतं, कोतवाल कावळ्याला आणि शिक्र्याला हाणून पिटाळतो, मग शेजाऱ्यालाही आपोआप राखण मिळते. त्यामुळे कोतवाल एखाद्या झाडाभोवती सारखा कुणाच्या तरी मागे लागलेला दिसला की त्या झाडाकडे दुर्बिणीने शांतपणे बघा.

आता मुख्य गोष्ट. रेड लिस्ट म्हणजे कुठली जीवजात किती धोक्यात आहे ते सांगणारी जागतिक यादी. तिच्या वेबसाईटवर जाऊन दोन्ही नावं टाकली की दोघांपुढे एकच शिक्का दिसतो, लीस्ट कन्सर्न, म्हणजे काळजीचं कारण सगळ्यात कमी. लोक हे वाचतात, "चला, ठीक आहे" म्हणतात आणि पान बंद करतात. तसं करू नका. हा शिक्का नेमकं काय सांगतो ते समजून घ्या. पक्ष्यांचं हे मूल्यमापन, ही यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेसाठी, बर्डलाइफ इंटरनॅशनल करते आणि ते अख्ख्या जगातल्या त्या जातीचं मिळून असतं. धोक्याच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे व्हल्नरेबलमध्ये, जायला काही ठरलेले आकडे आहेत. ढोबळमानाने सांगायचं तर प्रौढ पक्ष्यांची संख्या १०,००० च्या खाली आणि तीही घटत असलेली, किंवा पसारा २०,००० चौरस किलोमीटरच्या आत आणि तोही आक्रसत चाललेला, किंवा दहा वर्षांत अथवा तीन पिढ्यांत जो काळ जास्त असेल त्यात ३० टक्के घट. आता हळद्या मध्य आशियापासून आपल्या दक्षिण टोकापर्यंत पसरलेला, काळ्या डोक्याचा भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियात इंडोनेशियापर्यंत. एवढा पसारा असल्यावर पसाऱ्याच्या निकषात हे दोघं कधी येणारच नाहीत. म्हणजे उद्या नाशिक शहरातला शेवटचा हळद्या गेला तरी रेड लिस्टमधला शिक्का तोच राहील. तो शिक्का खोटा नाही, पण तो तुमच्या गल्लीतल्या आंब्याबद्दल काही बोलतच नाही. याच कुळातला फिलिपिन्सचा इसाबेला ओरिओल मात्र क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे, कारण तो लुझोन बेटावरच्या थोड्या जंगलापुरता उरलाय, तिथे जंगल आणि जात एकच झालीये.

म्हणून तीन पातळ्यांवर वाचायचं. जगासाठी रेड लिस्ट. देशासाठी 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल, त्याची २०२३ ची आवृत्ती ९४२ जातींची आहे आणि ती सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाईट आणि ॲप) टाकलेल्या तीन कोटी नोंदींवर उभी आहे. त्यात प्रत्येक जातीचं स्वतंत्र पान आहे, तिथे लाँग टर्म आणि सध्याचा असे दोन ट्रेंड वेगवेगळे दिलेले असतात, दोन्ही बघा, आणि रेघेच्या भोवती जी फिकट पट्टी असते ती किती रुंद आहे तेही बघा, पट्टी रुंद म्हणजे माहिती कमी. आणि तिसरी पातळी आपल्या जिल्ह्याची. ती कुणी तयार करून देत नाही. ती आपल्यालाच लिहायची आहे.

"कॉमन पक्ष्याची कशाला नोंद" असं ज्यांना वाटतं त्यांना मी गिधाडांचं सांगते. आपल्या अंजनेरीच्या कड्यावर, हरसूलच्या बाजूला आज मूठभर गिधाडं बघायला लोक लांबून येतात, पण पांढऱ्या पाठीचं गिधाड ऐंशीच्या दशकापर्यंत गावोगाव होतं, इतकं की कुणी मोजत नव्हतं. मग जनावरांना डायक्लोफेनॅक द्यायला लागले, ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००० मध्ये ती जात एकदम क्रिटिकली एन्डेंजर्डमध्ये गेली. औषधावर बंदी २००६ मध्ये आली. घसरण एवढ्या लवकर कळली तीसुद्धा भरतपूरला कुणीतरी आधीपासून गिधाडं मोजून ठेवली होती म्हणून. हळद्यावर तसलं संकट आलंय असं मी म्हणत नाहीये. पण उद्या आलं तर तुलना करायला आजचा आकडा लागेल.

तर नोंद अशी करा. ईबर्डवर चेकलिस्ट, म्हणजे त्या वेळी दिसलेल्या पक्ष्यांची यादी, सुरू करा, एका जागी बसणार असाल तर स्टेशनरी, चालणार असाल तर ट्रॅव्हलिंग, कमीत कमी पंधरा मिनिटं, आणि जे जे ओळखलं ते सगळं लिहा, कावळा-साळुंकी-पारवा पण, फक्त हळद्या नको. सगळं लिहिलेली यादी 'कंप्लीट' म्हणून टाकता येते आणि तीच अभ्यासाला उपयोगी पडते, कारण त्यात हळद्या नसला तर "शोधला पण दिसला नाही" हेही कळतं. संख्या लिहा, आकड्याच्या जागी 'दिसला' एवढंच सांगणारा एक्स टाकून सोडू नका. इंडियन गोल्डन आणि ब्लॅक-हूडेड यातलं नक्की कळलं नाही तर अंदाजाने एक निवडू नका, ओरिओलच्या पुढे एसपी (म्हणजे नेमकी जात कळली नाही) लिहिलेला पर्याय असतो तो घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि महत्त्वाचं, एकच जागा धरा. तुमच्या कॉलनीतला पार, ऑफिसमागचा नाला, काहीही, पण दर महिन्याला तीच जागा आणि साधारण तीच वेळ. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहा वेळा गेलेलं जास्त सांगून जातं. उत्तरेकडचे हळदे हिवाळ्यात खाली येतात, त्यामुळे जानेवारीतला पक्षी कदाचित इथला नसेलच, गुजरातमध्ये पायात वाळा घातलेला एक हळद्या नऊ वर्षांहून जास्त काळाने ताजिकिस्तानात सापडला होता. वर्षभराची नोंद असली तरच इथला कोण आणि पाहुणा कोण ते हळूहळू उलगडतं.

आणि नोंदीत झाडाचं नाव लिहा. हे कुठल्या फॉर्ममध्ये मागत नाहीत पण मी कॉमेंटमध्ये लिहिते, "उंबर, रस्त्याच्या डाव्या हाताला, देवळासमोर". कारण आपल्याकडे हळद्याचा प्रश्न शेवटी जुन्या झाडांचाच आहे. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागा वाढल्या तसे बांधावरचे आंबे, जांभळं गेली, सावली पडते म्हणून. रस्ते रुंद झाले तसे वड गेले. तपोवनातल्या झाडांसाठी २०२५ मध्ये नाशिककर उभे राहिले, सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी ती तोडायची चर्चा होती म्हणून, त्या वेळी मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे की कोणत्या झाडावर कोण राहतं हे तारखेनिशी लिहिलेलं असलं की बोलण्याला वजन येतं. "इथे खूप पक्षी असतात" आणि "या उंबरावर जून महिन्यात हळद्याचं घरटं होतं, हा फोटो, ही तारीख" यात फार फरक आहे. शहरात झाड तोडायच्या आधी नोटीस लागते आणि हरकतीला मुदत असते, त्या मुदतीत लेखी हरकतीला तुमची चेकलिस्ट जोडा.

संक्रांतीचं पण बघा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे तरी आपल्याकडे आणि येवल्यात दर जानेवारीला झाडांच्या शेंड्यात तो अडकलेला असतोच, आणि हळद्या शेंड्यातच वावरणारा पक्षी. संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही बांबूला आकडा लावून कॉलनीतल्या झाडांवरचा मांजा काढतो, हाती येतो तेवढा.

जखमी पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजायला जाऊ नका, चोचीतून श्वासनळीत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड टाकून अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा. घरट्यातून पिल्लू खाली पडलं असेल आणि अंगावर पिसं आलेली असतील तर त्याला उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा, आई-बाप तिथेच असतात. हात लागला म्हणून आई घेत नाही हे खरं नाही. घरी आणून वाढवायला घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे पक्षी संरक्षित आहेत, पकडणं, पाळणं, अंडी-घरटी काढणं सगळं गुन्ह्यात येतं.

भाचीने त्या दिवशी माझ्या मोबाईलवर चेकलिस्ट भरली, हळद्या एक, काळ्या डोक्याचा हळद्या एक, आणि कॉमेंटमध्ये लिहिलं, "जोडी नाही, शेजारी आहेत."